हेझलपुढचं गाऱ्हाणं

उंबरकोंडच्या हॉलमधले पाचही संगणक बंद पडणार, हे हर्षदने पनवेलहून फोनवर सांगितलं तेव्हा सुचिता एका कीबोर्डच्या फटीतून शेवेचे तुकडे काढत होती. शेव कुणी खाल्ली याचा तपास तिने तिथेच सोडून दिला.

"बंद कसे पडतील? आत्ता तर चांगले चालू हायेत."

"आत्ता चालतायत गं ताई. पण हेझलची पुढची आवृत्ती येतेय ना, ती इतक्या जुन्या मशीनवर चालवायची नाही असं त्यांचं ठरतंय."

"मग आपण जुनीच ठेवू. आपल्याला कुठं मिरवायचंय?"

"ठेव की. पण जुनीची डागडुजी बंद होणार. वर्षभरात परीक्षेची पानंसुद्धा उघडायची नाहीत तुझ्या मुलींना."

हे संगणक मुळात मुंबईतल्या कुठल्याशा ऑफिसने भंगारात काढलेले. गावच्या मुंबई मंडळाने ते हार घालून, फोटो काढून गावाला अर्पण केले, तेव्हा त्यातला एकही धड सुरू होत नव्हता. हर्षद गावचाच मुलगा. त्याने त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स चढवलं आणि लिनक्सवर हेझल बसवलं. हेझल म्हणजे पडद्यावर जे काही दिसतं ते सगळं, खिडक्या, चित्रं, खालची पट्टी. जगभरातली माणसं आपापला नोकरीधंदा सांभाळून ते फुकट बनवतात आणि फुकट वाटतात. त्यातले शब्द मराठीत आणायचं काम हर्षद करायचा, तेही फुकट, त्यामुळे त्याच्या लग्नाची काळजी त्याच्या आईला लागून राहिली होती.

सुचिताला काळजी वेगळी होती. हॉलच्या त्या कोपऱ्यात ती गावातल्या मुलींना टायपिंग शिकवायची. एरवी गावात ती कुणाची तरी सून होती, कुणाची तरी वहिनी होती. या कोपऱ्यात मात्र सगळे तिला सुचिता म्हणून ओळखायचे, आणि तिला ते फार आवडायचं. पण गावकीची लग्नकार्याची भांडी ठेवायला जागा नव्हती, आणि गावचे मानकरी सदूतात्या यांनी भर बैठकीत सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी मशिना बंद, त्या दिवशी भांडी आत." तात्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. भांडी खरंच मोठी होती.

"एक मार्ग आहे," हर्षद म्हणाला. "रविवारी संध्याकाळी हेझलवाल्यांची ऑनलाइन बैठक आहे. पुढे काय काय हवं ते वापरणाऱ्यांनी सांगायचं. एका गावाला एक मागणी, तीन मिनिटं. तू बोल, मी इंग्रजी करतो."

गावात बैठक चालेल एवढं इंटरनेट एकाच ठिकाणी होतं, ते म्हणजे देवळात. मुंबईकरांना घरबसल्या पालखी दिसावी म्हणून मंडळाने ते बसवलं होतं. आणि देवळात काही करायचं तर सदूतात्यांना विचारावं लागे.

तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "याचा मालक कोन?"

"मालक कुणीच न्हाय तात्या."

"मंग पैसं कोन घेतो?"

"कुणीच न्हाय."

"आपल्यास वळखतात ते?"

"न्हाय. परदेशात असतात. आपण त्यांना कधी पाह्यलेलं पण न्हाय."

तात्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "दिसत न्हायत, वळखत न्हायत, पैसं घेत न्हायत, तरी आपलं चालवतात. अगं, मंग त्यास्नी विनंती कसली करतेस? गाऱ्हानं घालाया होवं."

गाऱ्हाणं घालण्यात तात्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. देवळात उभं राहून ते गावाच्या वतीने देवाकडे एकेक मागणं मागत आणि तात्या थांबले की सगळं गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणे. तात्यांच्या गाऱ्हाण्यावर आजवर पाऊसही पडला होता आणि हरवलेला रेडाही सापडला होता.

"तात्या, एकच मागणं मागायचंय. तीनच मिनिटं हायेत."

"येकच मागू. पन रीतीनं मागू."

रीत अशी की, ज्याच्यासाठी मागायचं तो देवापुढे हजर असावा. म्हणजे संगणक देवळात आणायचा. मोठं मागणं नेहमी शेवटी मागायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाऱ्हाण्यात गावातलं एकही घर वगळायचं नाही, नाहीतर त्या घरावर देव रुसतो. सुचिताने कपाळाला हात लावला, पण इंटरनेट तात्यांच्या ताब्यात होतं.

रविवारी दुपारी हर्षद आला तेव्हा हॉलमध्ये चार-सहा माणसं आपापलं मागणं घेऊन बसली होती. तात्यांच्या बायको ठमाकाकी सर्वांत पुढे होत्या. त्या रोज संगणकावर पत्ते खेळत.

"हरवलं तर हरवू दे मला," काकी म्हणाल्या. "पन येवढ्या मोठ्या अक्षरांत सांगू नये. मागं बायका उभ्या आसतात."

धर्मा खैराचा प्रश्न वेगळा होता. "पासवर्ड इसरला का तो आत घेत न्हाय. आपल्या गावात परका मानूस आला तर आपन काय करतो? इचारतो, कोनाचा रं तू? तसं त्यानं इचारावं. मी सांगीन, गोमा खैराचा धर्मा. मंग घ्यावं का न्हाय आत?"

हर्षदने हेही टिपून घेतलं.

"आनि येक," काकी म्हणाल्या. "नको ते पुसलं का तो कचऱ्यात टाकतो. परवा नातवाचा फोटू चुकून गेला कचऱ्यात. बरं दिसतं का ते? घरात नको झालेलं आपन माळ्यावर टाकतो."

"हे तर माझ्याच हातात आहे काकी," हर्षद हसून म्हणाला. "मराठीत कचरापेटी मीच लिहिलंय. माळा करून टाकतो." आणि त्याने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून ते करूनही टाकलं.

इथे त्याची चूक झाली. मागितलेलं लगेच मिळतंय, ही बातमी चहा उकळायच्या आत वाडीभर झाली आणि हॉलच्या दाराशी गर्दी जमली. लावणीच्या दिवसांत अपडेट काढू नये, असं एक म्हणाला. दुसऱ्याला वीज जायच्या आधी संगणकाने तसं सांगायला हवं होतं. एकीला उंदराची शेपटी लांब हवी होती, म्हणजे तिला खाटेवर बसून काम करता आलं असतं. संगणक कधी न पाहिलेल्या एका म्हाताऱ्यानेही आपलं गुडघ्याचं दुखणं त्यात घालायला सांगितलं. सदूतात्या प्रत्येकाला मान डोलावत होते आणि सगळं डोक्यात साठवत होते.

"तात्या, आपलं मागणं राहील हां," सुचिता म्हणाली.

"तुजं शेवटाला. मोठं मागनं शेवटाला."

संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात पाटावर संगणक मांडला. तात्यांनी त्याच्यापुढे नारळ आणि विडा ठेवला. पडद्यावर खूप चौकोन उघडले आणि प्रत्येक चौकोनात एकेक चेहरा होता. बैठक चालवणारा तोमाश नावाचा दाढीवाला गृहस्थ होता. त्याच्या मांडीवर मांजर होतं. "उंबरकोंड, इंडिया," तो इंग्रजीत म्हणाला. "तुमची तीन मिनिटं सुरू."

तात्यांनी डोळे मिटले. "बा उंबरकोंडच्या, चार शिवेच्या, बारा वाटेच्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," देऊळ दणाणलं. तोमाशच्या मांडीवरचं मांजर उडी मारून निघून गेलं.

"आनि सातासमुद्रापल्याडच्या हेजल म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आमच्या मशिना भंगारात पडल्या हुत्या, त्या तू उठवल्यास. आमच्या पोरींच्या हातास काम शिकवलंस. पैसा मागितला न्हायस. जात इचारली न्हायस. कुठलं गाव, ते पन इचारलं न्हायस. तुजा उपकार ह्या गावावर हाय, तो आमी इसरनार न्हाय..."

"व्हय म्हाराजा."

हर्षद भाषांतर करत होता. पडद्यावरच्या चौकोनांत चुळबूळ थांबली होती. एका बाईने कानाला लावलेलं यंत्र हाताने घट्ट दाबून धरलं.

आभार संपले आणि तीन मिनिटंही संपली. तात्या मात्र आत्ता कुठे ठमाकाकींच्या पत्त्यांवर आले होते. पत्ते, पासवर्ड, शेपटी, गुडघा असं एकेक मागणं होत राहिलं आणि दर मागण्याला गाव होकार देत राहिलं. ब्राझीलचा एक मुलगाही त्यांच्या सुरात सूर मिसळू लागला.

"थँक यू," तोमाश मध्येच म्हणाला आणि थांबला.

कुणीतरी बोललं आणि थांबलं की काय म्हणायचं, हे उंबरकोंडला लहानपणापासून माहीत होतं. "व्हय म्हाराजा."

"तुमची वेळ संपली आहे."

"व्हय म्हाराजा."

"कृपया थांबाल का?"

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं, आणि तात्यांनी पुढचं मागणं सुरू केलं.

शेवटी तोमाशने घाम पुसला आणि आपला पुढचा विषय तसाच दामटला. जुन्या मशीन आता जगात कुणी वापरत नाही. तेव्हा पुढच्या आवृत्तीपासून त्यांचा आधार काढायला, म्हणजे हेझल त्यांच्यावर चालवणं बंद करायला, सर्वांची संमती आहे, असं धरायचं का? एवढं बोलून तो सगळ्यांकडे पाहत थांबला.

"व्हय म्हाराजा," अख्खं देऊळ म्हणालं. मागे कुणीतरी घंटाही वाजवली.

तोमाशने समाधानाने काहीतरी टिपून घेतलं. हर्षद मटकन पायरीवर बसला.

"काय झालं? काय म्हटला तो?" सुचिताने विचारलं. हर्षदने सांगितलं. ती तात्यांकडे वळली.

"तात्या, मागं घ्या ते."

"गाऱ्हानं मागं घेता येत न्हाय. देवाच्या पुढ्यातला शब्द हाय."

"अहो, पण आपण कशाला व्हय म्हटलं ते तरी कळलं का?"

"कळाया कशाला होवं? तो थांबला, आमी म्हटलं."

गाऱ्हाण्याच्या वेळी बायका मागे उभ्या राहतात, ही उंबरकोंडची पद्धत. सुचिता सरळ पुढे गेली आणि पाटापाशी तात्यांच्या आणि पडद्याच्या मध्ये उभी राहिली. पडद्यावर अडकवलेला कॅमेरा काढून तिने खाली, संगणकाच्या पिवळ्या पडलेल्या डब्यावर धरला.

"हर्षद, सांग त्यांना. म्हणावं, ही बघा जुनी मशीन. हिच्यावरूनच आम्ही तुमच्याशी बोलतोय. माझ्याकडं अशा पाच हायेत. माझ्या आठ मुली यांच्यावर शिकून नोकरीला लागल्या. मला नवीन काही नको. हे दिलंय तेवढं काढून घेऊ नका."

तोमाशने मॉडेल विचारलं. हर्षदने डबा फिरवून मागची चिठ्ठी वाचून दाखवली. पलीकडे सगळ्या चौकोनांत एकच गलका उठला.

"ते म्हणतायत, हे शक्यच नाही," हर्षद भाषांतर करू लागला. "त्यांच्यात एकाकडे असली मशीन होती, ती जळली. तेव्हापासून चाचणी घ्यायला कुणाकडेच नाही. हेझल तिच्यावर चालतं का बिघडतं ते कळायला मार्गच उरला नाही, म्हणून आधार काढत होते."

तोमाश खुर्चीत पुढे सरकला. इतका वेळ समोर जसे जोडलेले बघत होता तसेच त्याने अवघडून हात जोडले आणि सावकाश बोलला. बोलून झाल्यावर तो थांबला.

"तो म्हणतोय," हर्षद म्हणाला, "आता आमचं एक मागणं आहे. दर आवृत्ती बाहेर काढायच्या आधी आम्ही ती तुमच्याकडे पाठवू. तुमच्या गावाने ती चालवून बघायची आणि काय बिघडलं ते सांगायचं. कराल का? केलंत तर आधार काढायची गरजच नाही."

देवळात कुणी चकार शब्द काढला नाही. धर्मा खैर छताचे वासे निरखू लागला. गुडघेवाले म्हातारबुवा गुडघा विसरून लगबगीने बाहेर पडले. तात्यांनी घसा साफ केला.

"त्यास सांग, गावकीत इचारून कळवतो."

"मी करीन," सुचिता म्हणाली.

"बाय, गावाला इचारल्याबिगर?"

"आपल्याला देताना त्यांनी कुणाला विचारलं होतं, तात्या?"

हर्षदने सुचिताचं उत्तर पलीकडे पोचवलं, तसा तोमाश बराच वेळ काहीतरी बोलत राहिला.

"काय म्हनतो?" तात्यांनी विचारलं.

"म्हणतो, इतकी वर्षं नुसत्या मागण्याच ऐकत आलोय. कुणी आधी आभार मानल्याचं हे पहिल्यांदाच. ताईला म्हणतो, आम्ही तुमचे ऋणी आहोत."

सुचिताने पदराने डोळे टिपले आणि पडद्याकडे बघून नुसता नमस्कार केला. ज्यांची नावंही तिला माहीत नव्हती, त्या सगळ्यांबद्दल तिला त्या क्षणी घरच्या माणसांसारखी माया वाटली.

तात्यांनी सगळ्या गावावरून नजर फिरवली. आता मानकऱ्याने काहीतरी बोलणं भाग होतं. "हॉलाचा तो कोपरा सुचिताचा," त्यांनी जाहीर केलं. "कायमचा. गावकीची भांडी आमच्या पडवीत ऱ्हातील."

सवयीने ते थांबले. पण या वेळी गावातून आवाज आला नाही. सगळे ठमाकाकींकडे बघत होते.

"ऱ्हाऊ देत," काकी शांतपणे म्हणाल्या. "पन घासायची तुमी."

तात्यांनी बायकोकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं आणि मुकाट्याने नारळ फोडायला घेतला.