सिस्टरचं औषध आणि अमावस्येचं कोहळं

मनोहररावांचं बीपी एकशे सत्तरवर गेलं, त्याला कारण मीठ नव्हतं, नत्थूजी होते. नाचणगावात दोघांची घरं समोरासमोर आणि पुलगावच्या बाजारात भाजीची दुकानं शेजारीशेजारी. गिऱ्हाईक मनोहररावांच्या वांग्यांना हात लावायला वाकलं, की नत्थूजी हळूच म्हणायचे, "पाहून घ्या बापा, कालच फवारा मारला त्यानं." सहा वर्षं हे असंच चाललं होतं.

मिशनच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या सिस्टरनं दंडाचा पट्टा सोडला आणि सगळी कहाणी ऐकून घेतली. "गोळी देते, पण खरं औषध वेगळं आहे," ती म्हणाली. "आमचा प्रभू सांगतो, जो तुमचा द्वेष करतो त्याच्यावर प्रेम करा, त्याचं भलं करा. आणि तेही असं, की उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये."

"जेवनाआधी की जेवनानंतर?"

"कधीही घ्या," सिस्टर म्हणाली.

औषधात कुचराई करणाऱ्यांतले मनोहरराव नव्हेत. दुसऱ्याच दिवशी पहाटे, गल्ली उठायच्या आत, त्यांनी मळ्यातला ताजा माल नत्थूजींच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवला. पाचसात लिंबं, मूठभर हिरव्या मिरच्या आणि एक टपोरं कोहळं. वेलाचं ते यंदाचं पहिलं फळ. मनोहररावांच्या बायकोनं, कुंताबाईंनी, आदल्या संध्याकाळी रीतीप्रमाणे त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. प्रेमच करायचं तर त्यात चिक्कूपणा कशाला, म्हणून त्यांनी नेमकं तेच उचललं. मग घरी येऊन समाधानानं चहा घेतला.

समोरून नत्थूजींची किंकाळी आली, तेव्हा त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. अमावस्या होती. कप तिथंच ठेवून ते बाहेर धावले.

गल्ली गोळा झाली. दाराच्या आत नत्थूजी, बाहेर गर्दी आणि मधे कुंकू लावलेलं कोहळं. ओलांडायची कुणाची छाती होईना आणि घराला दुसरं दार नव्हतं.

"करनी केली कोनंतरी. नाव समजू द्या, सोडत नाई त्याले," नत्थूजी आतून म्हणत होते, पण उंबरठ्याजवळ येत नव्हते.

पोलीस पाटील किसनरावांनी मोबाईल काढला. "जादूटोन्याचा कायदा हाये. सापडला त जेलातच जाते. ठान्यात फोन लावून राह्यलो मी."

मनोहररावांनी कबूल करावं, तर ते प्रेमानं ठेवलं यावर कोण विश्वास ठेवणार? दोघांचं वैर शेंबड्या पोरालाही ठाऊक. गप्प राहावं, तर एवढं कोहळं गावात फक्त त्यांच्याच वेलाला लागतं, हे पोलिसांना कुणीही सांगितलं असतं. तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

"फोन राहू द्या किसनराव," ते पुढे होत म्हणाले. "मी उचलतो."

"उचलू नका. जो उचलते त्याच्यावर जाते ते."

"जाऊ द्या माह्यावर."

मनोहररावांनी लिंबं-मिरच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यात बांधल्या, कोहळं काखेत मारलं आणि सरळ घर गाठलं. किसनरावांनी मोबाईल खिशात टाकला. मुद्देमालच नाही, तर साहेबांना दाखवणार काय? नत्थूजी उंबरठ्याआड डोळे पुसत होते. "माह्याकरता?" एवढंच ते म्हणाले.

पुढच्या बाजारी गिऱ्हाईक वांग्यांकडे वाकलं, तेव्हा शेजारून आवाज आला, "डोळे मिटून घ्या बापा. देवमानूस हाये तो." मनोहररावांना सुटल्यासारखं वाटलं आणि थोडी लाजही वाटली. नत्थूजी चहाला उठले, तशा त्यांच्या देवकाबाई जवळ सरकल्या.

"भाऊजी, त्या दिवशी मी खिडकीतच होती. कोहळं ठेवून तुमी आमच्या घराले हात जोडले. करनीवाला हात जोडते का?"

मनोहररावांच्या हातातली वांगी पाटीत पडली. "मंग बोलल्या काऊन नाई?"

"बोलली असती त आमच्या यायनं ते कोहळं तुमच्याच अंगावर फेकलं असतं. सहा वर्सांत पह्यल्यांदा घरात तुमच्या नावानं शिव्या नाई. कायले बोलू?" त्या आपल्या जागी जायला निघाल्या आणि थांबल्या. "पुढच्या टायमाले कॅलेंडर पाहून ठेवजा. अन् ते कोहळं उरलं असन त एक फोड पाठवजा. होतं त आमचंच."