उणे पंचेचाळीस

"उणे पंचेचाळीस," तंत्रज्ञ समाधानाने म्हणाला, आणि तिथेच फसला.

वाचनालयाच्या दारात पुस्तकचोरी पकडणारं आरएफआयडीचं नवं गेट उभं होतं. पुस्तकांना चिकटवलेल्या चिपचा सिग्नल गेटला नीट पोचतो, हे मीटरवर दाखवायचं आणि ग्रंथपालबाईंची सही आणायची, एवढंच त्याचं काम. सही नाही आणली, तर साहेब त्याची दूरच्या शाखेत बदली करणार होते. बायकोने आधीच सांगून ठेवलं होतं, "जायचं तर एकट्याने जा. आणि अंडं उकडायला शिकून जा."

"उणे?" बाईंनी चष्मा वर केला. "नवंकोरं यंत्र, आणि उणे?"

"बाई, यात उणेच येतं. शून्याच्या जितकं जवळ, तितकं चांगलं."

"मग शून्य करा की."

"तसं होत नसतं, बाई."

"तर मग उण्यावर मी सही करायची नाही."

त्याने साहेबांना फोन लावला. "बाई म्हणतात तसं करून द्या," म्हणून साहेबांनी हात झटकले. निमूटपणे त्याने गेटची ताकद वाढवली. उणे चाळीस.

"सुधारणा आहे," बाई म्हणाल्या. "होऊ द्या अजून."

अजून वाढवल्यावर गेटला कपाटातली पुस्तकंही दिसू लागली आणि ती सगळी एकदम चोरीला निघाल्यासारखा ठणाणा सुरू झाला. खिडकीशी वाचत बसलेले आजोबा वैतागून म्हणाले, "अहो, मी बसलोय. पळतोय कुठे?"

तंत्रज्ञाचं डोकं उठलं. त्याने गेटची वायरच उपटली.

सगळीकडे शांतता पसरली. सिग्नलच नसला की हा मीटर नुसतं शून्य दाखवत असे. तेवढं त्याने इमानेइतबारे दाखवलं.

"आलं की नाही?" बाई हरखल्या. "मनावर घ्यावं लागतं फक्त."

"बाई, गेट बंद आहे. आता कुणी अख्खं कपाट उचलून नेलं तरी कळायचं नाही."

"बंद आहे, तर शून्य कुठून आलं?"

याचं उत्तर त्याच्याकडे होतं, पण बाई सही करून मोकळ्या झाल्या होत्या. साहेबांना फोनही त्यांनीच केला.

संध्याकाळी साहेब भलत्याच गोड आवाजात बोलले. "शून्य काढलंत म्हणे. दूरच्या शाखेत कुणालाच जमत नाहीये ते. सोमवारी तिकडे रुजू व्हा."

"पण साहेब, सही आणलीय मी."

"म्हणून तर. नसती आणली तरी तिकडेच पाठवणार होतो. आता निदान मानाने जाल."