खोक्यातले लाडू

लॅपटॉप घेऊन सतराच दिवस झाले होते, तेव्हा त्याचा पडदा काळा पडला आणि काळाच राहिला. राजेश्रीने तो उघडून, मिटून, उलटा करून पाहिला. दहा महिन्यांची अर्पिता त्या काळ्या पडद्यात स्वतःचं तोंड बघून हसायची. त्याचा आता तेवढाच उपयोग उरला होता.

एक तारखेपासून पुण्याच्या एका ऑफिसचं काम सुरू होणार होतं. चारठाण्यात, घरी बसून. अट एकच, लॅपटॉप स्वतःचा हवा. पोर झाल्यावर मिळालेली ही पहिली नोकरी. ही गेली तर दुसरी मिळणार नाही, असं राजेश्रीने मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

नऊ दिवसांनी लॅपटॉपच्या कंपनीने कळवलं : वॉरंटीत बदलून मिळेल. जुना त्याच्याच खोक्यात घालून द्या, तपासणी झाली की नवा पाठवू.

जिंतूरहून कुरिअरवाला आला तेव्हा राजेश्री अर्पिताला डोस द्यायला उपकेंद्रात गेली होती. भरून ठेवलेलं खोकं सासूबाईंनी, धुरपताबाईंनी, दिलं.

"नीट दिलं ना, आई?"

"दिलं की. वरून चिकटपट्टी बी लावली म्या."

मग वाट पाहणं सुरू झालं. राजेश्री रोज फोन लावायची. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,' असं एक बाई सांगायची आणि गाणं लावून निघून जायची. त्या गाण्यात दोनदा अर्पिताची खीर करपली.

अठ्ठावीस तारखेला उत्तर आलं : 'उपकरणात मुंग्या व गुळासारखा चिकट पदार्थ आढळला. वॉरंटी रद्द.'

"आई, खोक्यात काय ठेवलं होतं?"

"लाडू. शेंगदाण्याचे. चारच."

"लाडू?"

"मंग? दुसऱ्याचं भांडं कुणी रिकामं वापस करतंय का?"

"रिकामं कुठं होतं, आई? लॅपटॉप होता ना त्यात!"

"त्यो तर बिघडलेला व्हता. बिघडलेली वस्तू वापस करताना तर अजून लाज वाटती."

राजेश्रीने पुन्हा फोन लावला. "अहो, पडदा मुंग्यांच्या आधीच काळा पडला होता!"

"तसं सिद्ध करावं लागेल, मॅडम."

धुरपताबाईंनी फोन हिसकावला. "बाळा, लाडू तरी खाल्ले का कुणी?"

फोन कटला.

एक तारखेला राजेश्रीने पुण्याला फोन केला. माफी तिने तीनदा घोकली होती.

"मॅडम, माझ्याकडे लॅपटॉप नाहीये."

"आमच्याकडे तरी कुठं आहेत? ऑफिसात बसणाऱ्यांसाठी चाळीस नवे घेतले, सगळ्यांचे पडदे काळे. तुमचा कुठल्या कंपनीचा होता?"

राजेश्रीने नाव सांगितलं.

"आमचेही त्यांचेच! म्हणजे त्यांच्याकडे तक्रार कशी करायची, ते तुम्हाला माहितीये?"

"सगळं माहितीये."

"मग आजपासून तेच काम करा. रोज त्यांच्या मागे लागा. पगार ठरला तोच. लॅपटॉप नको, फोन पुरे."

"किती दिवस, मॅडम?"

"चाळीसच्या चाळीस बदलून येईपर्यंत."

राजेश्रीने अर्पिताकडे पाहिलं. पोर बालवाडीत जाईपर्यंत तरी नोकरीला धोका नव्हता.