जोरदार झोताला वाट देणारी काच

निसर्गाचे नियम सर्वांना सारखे असतात, आणि म्हणूनच ते अमलात येण्यापूर्वी त्यांना शास्त्रीय परिषदेची मंजुरी लागते. लेनिनग्राडच्या आमच्या काच-संशोधन संस्थेत ही शिस्त इतकी चोख होती, की गुरुत्वाकर्षण जुन्या परिषदेने मंजूर करून ठेवलं होतं म्हणूनच नवे सदस्य खुर्चीत टिकून बसत.

या संस्थेत रिम्मा ओसिपोव्ना झीलिना नावाच्या बाईंनी एक नारिंगी काच केली. तिच्यात अर्धवाहकाचे कण होते, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे. (यांना पुढे जग क्वांटम डॉट म्हणू लागलं. तेव्हा संस्थेत 'बाईंचा मळ' म्हणत.) मंद प्रकाश ही काच गिळून टाकी, पण लेसरचा झोत आला की मुकाट बाजूला होई. झोत दुप्पट केला की पलीकडे तिप्पट निघे. अशा हिशोबात न बसणाऱ्या वागण्याला शास्त्रात 'अरेषीय' म्हणतात, आणि इतरत्र 'रीतीप्रमाणे'.

बाईंचा प्रबंध एका वाक्यावर उभा होता: "झोत जोरदार असेल, तर काच वाट देते." परिषदेने ते मानलं तर पदवी, नाही तर नवीन वर्षापासून बाटल्यांच्या कारखान्यात बदली.

बाईंचा आवाज हळू. त्या बोलत तेव्हा परिषद चहा ढवळत असे. अखेर तपासणी समिती नेमली गेली. तिने काच टेबलावरच्या दिव्यापुढे धरली, कारण लेसरच्या खोलीला वेगळा पास लागे आणि पासावर सही करणारे सदस्य सोचीला समुद्रस्नानाला गेले होते. निष्कर्ष: काच सामान्य, रंग आल्हाददायक.

दुसऱ्या दिवशी दारावर पास तपासणाऱ्या क्लावामावशींनी बाईंपुढे हात आडवा धरला. "पास."

"मावशी, रोज बघता की मला."

"म्हणून तर विचारते. अनोळखी माणसाला विचारायची भीती वाटते गं बाई."

नोव्हेंबरात मॉस्कोहून अकादमी-सदस्य व्सेवोलोद अपोलिनारियेविच ग्रोमोव्स्की आले. मावशींनी त्यांना पास न विचारता त्यांचा ओव्हरकोट उतरवून घेतला. बाई बोलत असताना ग्रोमोव्स्कींना छान झोप लागली. जागे झाल्यावर त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हणते ती?" शेजाऱ्याने कानात सांगितलं. ग्रोमोव्स्कींनी टेबलावर मूठ आपटली. "झोत जोरदार असेल, तर काच वाट देते."

सगळे चमचे थांबले. वाक्य एकमताने मंजूर झालं, आणि त्याला 'ग्रोमोव्स्की परिणाम' असं नाव मिळालं.

"हे माझंच वाक्य आहे," बाई म्हणाल्या.

"मग तर तुमचं नशीबच उघडलं," परिषदेचे सचिव म्हणाले. "खुद्द ग्रोमोव्स्कींचा आधार असताना पदवी कोण अडवतंय?"

बाईंना भयंकर राग आला. पण ते वाक्य पुन्हा एकदा खरं ठरलं होतं, हेही त्यांना नाकारता येईना. त्यांनी प्रबंधाला एक आलेख जोडला: 'नमुना दुसरा: शास्त्रीय परिषद.' मंद आवाज गिळला जातो, जोरदार पार जातो. परिषदेने तोही मंजूर केला. (न वाचता.)

आमचे वाचक अर्थातच असे नाहीत. त्या बाईंचं नाव वर एकदाच, हळू आवाजात सांगितलं आहे. मागे न बघता आठवा पाहू. ग्रोमोव्स्कींचं विचारत नाही.