दहा घरांचा सल्ला

एका जंगलात, बाळांनो, एक खोल दरी होती आणि ती ओलांडायला गारंबीचा एकच वेल होता. वेलाला लोंबकळायचं, झोका घ्यायचा आणि पलीकडे उतरायचं.

दरीच्या अलीकडे अनसूयाकाकू राहायची. ती वानरीण होती. स्वभावानं प्रेमळ आणि अंगानं चांगली गुबगुबीत. तिची लेक शेवंती पलीकडच्या रानात दिली होती. पळस फुलला की शेवंती बाळंत होणार होती. तिनं निरोप धाडला, "आई, मला तू हवीस."

काकू लगेच निघाली. पण वेलाची राखण करणाऱ्या शेकरूनं तिला अडवलं.

"काकू, मागच्या खेपेला वेल नुसता कुरकुरला होता. आता तुटेल. आधी वजन उतरवा."

"आणि माझी लेक?"

"तीन महिने आहेत की अजून!"

काकू ओढ्यावर खेकडा डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी नांग्या धुतल्या.

"मी पोट कापून लहान करतो. डेऱ्याची वाटी होते. मुंगळे टाके घालतात. मग मूठभर खाल्लं की पोट भरतं आणि वजन भराभर उतरतं."

"धोका?"

"आहे. सांबरीणबाई आता वाऱ्यासारख्या पळतात. पण रानडुकराच्या टाक्यांत पू झाला, दोन महिने चिखल बंद होता. आणि क्वचित एखादा उठतच नाही."

"एखादा म्हणजे कोण?"

"तेच आधी कळत नाही. शिवाय जन्मभर मोजूनमापून खायचं. नीट विचार करून या."

डॉक्टर खरं बोलले, म्हणून काकू घाबरली. मग ती तळ्यावर कासवगुरुजींकडे गेली. ते पथ्य सांगत.

"रोज चार घास कमी, शंभर पावलं जास्त. टाका नाही, चिरा नाही. वर्षभरात होईल."

"अहो, पण पळस तीन महिन्यांत फुलणार!"

"मग दुसऱ्या बाळंतपणाला जा."

"तुमचं स्वतःचं किती उतरलं, गुरुजी?"

"माझं हाडच जड आहे," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी मान आत घेतली.

घाईत जिवाला धोका, सावकाशीत लेकीला उशीर. काकूला काही ठरवता येईना. तिनं ठरवलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारू.

आता त्या जंगलाची एक रीत होती. दारी आलेल्याला रिकाम्या तोंडानं पाठवायचं नाही.

वडावरची ताराबाई म्हणाली, "अगं अनसूये, कापाकापी नको! माझ्या जावेच्या मावसबहिणीचं काय झालं, सांगते. आधी हे उंबराचे लाडू घे."

चिंचेवरचे बापूराव म्हणाले, "पथ्य टिकत नसतं वहिनी. मी सातदा केलंय. मोहाची खीर घ्या, मग बोलू."

"नको हो, वजनाचंच विचारायला आलेय."

"वाटीभर खिरीनं काय होतंय!"

अशी दहा झाडं झाली. दहा मतं झाली. काही मतं नीट कळली नाहीत, म्हणून काकू परत जाऊन आली.

आणि एके दिवशी पळस फुलला.

काकू धावत वेलापाशी आली. शेकरूनं तिच्याकडे पाहिलं आणि वेल स्वतःच्या शेपटीमागे लपवला. संध्याकाळी पलीकडच्या फांदीवर शेवंतीनं बाळ उंच धरलं. काकूला फक्त एक काळा ठिपका दिसला. त्या ठिपक्याला तिनं खूप वेळ हात हलवला.

सव्वा महिन्यानं शेवंती बाळाला पोटाशी धरून अलीकडे आली.

"आई, काय ठरवलंस शेवटी?"

"अजून दोघा-तिघांना विचारायचंय गं."

शेवंती बाळाला पुन्हा पोटाशी घेऊन उठली. म्हणाली, "पुढच्या पळसाला बाळाचं जावळ आहे. आमच्याकडेच करणार. तू ये, नाहीतर विचारत बस."

ती गेल्यावर काकू उठली. वाटेत एकाही झाडाशी न थांबता तिनं डॉक्टरांना गाठलं.

"वर्ष आहे ना हातात?" डॉक्टर म्हणाले. "मग आधी गुरुजींकडे जा. नाहीच जमलं, तर माझ्या नांग्या कुठे पळून जात नाहीत."

काकूनं ठरवलं, ही बातमी रानभर पसरली. सगळ्यांना इतका आनंद झाला की त्यांनी जेवणच घातलं. काकूनं आपलं पान पालथं घातलं.

"शिष्ट झाली हो!" ताराबाई म्हणाली. अन्न वाया जायला नको, म्हणून काकूच्या वाटचं त्या दहा जणांनीच संपवलं. पुढं ते दर आठवड्याला जमू लागले. काकूचं पथ्य कसं चाललंय, यावर चर्चा व्हायची. चर्चा कोरडी नसायची.

पळस पुन्हा फुलला. काकूनं वेल धरला, झोका घेतला. वेल हूं की चूं करेना.

मागे दहा जण जावळाला निघालेले. शेकरूनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ओढ्याची वाट दाखवली. "डॉक्टर बसलेत."

पलीकडे बाळानं आजीच्या मिशा ओढल्या. शेवंतीचे डोळे भरून आले.

"आई, किती गं वाळलीस! बस, आधी पोटभर जेव."

तात्पर्य: चार जणांचा सल्ला घ्यावा, असं मोठी माणसं सांगतात. बाळांनो, वजनाच्या बाबतीत घेऊ नये. सल्ले पचतात, लाडू पचत नाहीत. आणि अगदीच राहवलं नाही, तर अशाच घरी विचारावं, जिथं पाणीसुद्धा विचारत नाहीत.