भागीची साखर

चहा फिका होता म्हणून दशरथतात्यांनी एक स्थळ मोडलं होतं. हे मला, शेजारच्या शाळामास्तरला, गल्लीत कुणी सांगितलेलं नाही. खुद्द तात्यांनीच सांगितलं, आणि तेही छाती पुढं काढून. मुलगी भिगवणकडची, दिसायला चांगली, शिकलेली. मंडळी ओसरीवर बसली, मुलीनं चहा आणला, तात्यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवून सरळ उठले. "साखर कारखान्यात कामाला हाय मी, मास्तर! माज्या म्होरं फिका च्या? मी हे चालू देनार न्हाय!" त्यानंतर दुसरं कुठलं स्थळ जमलंच नाही. तात्या एकटे राहिले. दोष अर्थातच भिगवणकरांचा.

"मी हे चालू देनार न्हाय" हे त्यांचं पालुपद. इंदापुरात आमच्या गल्लीत नळाला पाणी कमी आलं, एसटी उशिरा आली, टीव्हीवरची बाई बातम्या भरभर वाचून गेली, की तात्या दारात उभे राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं हे वाक्य म्हणत. सगळं चालूच राही ही गोष्ट वेगळी.

कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावरही सभासद म्हणून दिवाळीची साखर मिळे, तिचं पोतं खाटेखाली असे. त्यांचा चहा म्हणजे पाकच. बशीच्या तळाशी न विरघळलेली साखर दिसली नाही, तर त्यांना तो पाहुण्याला घालवून देण्याचा चहा वाटे. आणि तो तळाचा घोट भागीचा. भागी म्हणजे त्यांची करडी मांजर. सकाळ-दुपार-संध्याकाळ तात्या बशी खाली ठेवत आणि भागी ती घासल्यासारखी स्वच्छ करी. शिवाय दुधात कुस्करलेली भाकरी आणि वरून गुळाचा खडा. बाईसाहेब उशीसारख्या फुगल्या होत्या.

त्या वर्षी आम्ही मागं न्हाणीघर बांधायला काढलं होतं. दारात वाळूचा ढीग होता आणि त्याचा उपयोग सर्वांत आधी भागीनं केला. मी तक्रार घेऊन गेलो, तर तात्या माझ्यावरच उखडले. "वाळू रस्त्यावर टाकायची, आन् वर मुक्या जनावराला बोल लावायचा?" मी संतापून परत आलो. पण माझ्या बायकोनं, सुमननं, एक गोष्ट हेरली. भागी जिथं बसून जाई, तिथं थोड्या वेळात मुंग्यांची रांग लागे. आमच्या पिंपाला तोंड लावून ती सारखी पाणी पिई, आणि खाऊन-पिऊनही दिवसेंदिवस वाळत चालली होती.

"तुमची वाळूच गोड असंल, वैनी," तात्या म्हणाले. पण चेहरा उतरला होता.

रविवार माझा, सुट्टी माझी, आणि मी बारामतीच्या एसटीत वायरची पिशवी मांडीवर घेऊन बसलेलो. पिशवीत भागी, आणि शेजारी तात्या कंडक्टरशी भांडताहेत. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांचा सारा जन्म गाई-म्हशींत गेलेला. ते आधी हसले. मग तपासणी केली आणि हसायचे थांबले. "मधुमेह आहे हिला. काय खायला घालता?"

तात्यांनी सगळं अभिमानानं सांगितलं. साखर, गूळ, सगळं.

"अहो, मांजर आहे का जावई?" डॉक्टर म्हणाले.

तात्या ताडकन उठले. "आख्खी हयात साखरंत काडली मी! व्हायचा तर मला व्हायला पायजे व्हता! हिला कसा व्हतो? मी हे चालू देनार न्हाय!"

डॉक्टर शांतपणे सांगत राहिले. माणसांना देतात तेच इन्शुलिन, सकाळ-संध्याकाळ. आधी पोटात अन्न, मग सुई. खाल्लं नाही, तर सुई टोचायची नाही, आधी डॉक्टरांना फोन करायचा. साखर-गूळ बंद. मात्र अंगातली साखर फार उतरून कधी लुळी पडली, तर ताबडतोब हिरड्यांना साखर चोळायची. हे शेवटचं ऐकून तात्यांनी माझ्याकडं बघितलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "रोग साखरंचा आन् औषिद बी साखरच? कुनी डॉक्टर केला ह्याला?"

घरी आल्या आल्या त्यांनी खाटेखालचं पोतं ओढत आमच्याकडं आणलं. "ठिवा तुमच्यात. माज्या घरात ह्येचा कण नगं." साखरेचा डबाही घासून पालथा घातला. मी म्हटलं, तात्या, डॉक्टर म्हणाले होते, चिमूटभर जवळ असू द्या. "तुमी मास्तर हाय का डॉक्टर?" असं विचारून ते निघून गेले.

आणि आमचे हाल सुरू झाले. गल्लीत फ्रीज फक्त आमच्याकडं. इन्शुलिनची बाटली आमच्या फ्रीजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी. सकाळी मी तोंडात ब्रश घेऊन उभा असे, तोच कडी वाजे. संध्याकाळी पाहुणे बसलेले असत, तोच कडी वाजे. सुमनच्या मावसभावाच्या लग्नाला आम्ही घराची किल्ली तात्यांकडं देऊन गेलो, तर परत आल्यावर आम्हालाच बोलणी. "फ्रीजमदी कोथिंबीर कुजतीया. औषिदाशेजारी अशी घान? मी हे चालू देनार न्हाय!" फ्रीज माझा, कोथिंबीर माझी!

आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आपली रीत. समोरच्या कमलमावशी भागीला बघायला म्हणून वाटीभर दूध आणि पेढा घेऊन गेल्या. तात्यांनी त्यांना उंबऱ्यातच अडवलं. "त्यापरीस इख द्या की!" मावशी रडत घरी गेल्या. मी तावातावानं जाब विचारायला गेलो, तर तात्या जमिनीवर बसले होते. मांडीवर भागी, हातात सुई, आणि ते तिला पुटपुटत सांगत होते, "दुकनार न्हाय, दुकनार न्हाय." माझा राग तिथंच निम्मा झाला. उरलेला निम्मा मी घरी येऊन सुमनवर काढला.

महिनाभरात भागी जरा सावरली. मग एका सकाळी नळावर भांडण झालं. कुणीतरी तात्यांची घागर बाजूला सरकवली होती. तात्या रागाच्या भरात घरात आले, भागीला सुई टोचली, पुढ्यात खाणं सारलं आणि भांडण पुरं करायला पुन्हा नळावर गेले. भागीनं खाण्याला तोंडसुद्धा लावलं नाही.

थोड्या वेळानं आमचं दार धाडकन उघडलं. तात्या उघड्या अंगानं, धोतराच्या सोग्यात भागी, तिची मान लोंबलेली. "साखर! वैनी, साखर द्या!"

सुमन धावली. पोतं तिनं उपडंच केलं. तात्या त्या साखरेत मटकन बसले, बोटानं साखर भागीच्या हिरड्यांना चोळू लागले. मी डॉक्टरांना फोन करायला कोपऱ्यावरच्या बूथकडं निघालो, पण माझा पाय उंबऱ्यातून हलेना. तात्या रडत होते. एवढा तोंडाळ माणूस लहान पोरासारखा रडताना मी पहिल्यांदा बघत होतो.

"चाट गं भागे. चाट. येकडाव चाट. मी न्हाय भांडनार परत. कुनालाच काय बोलनार न्हाय. पानी येऊ नाय तर नगं येऊ."

बराच वेळ काही झालं नाही. मग भागीची जीभ हलली. मग कान. आणि मग तिनं तात्यांच्या बोटाला कडकडून चावा घेतला.

"चावती!" तात्या डोळे पुसत ओरडले. "जीव वाचिवला आन् चावती! मी हे..." आणि मध्येच गप्प झाले.

सुमननं तिच्यापुढं दाण्याएवढे भाकरीचे तुकडे टाकले, ते भागीनं खाल्ले. मी बूथवर जाऊन डॉक्टरांना सगळं सांगून आलो. त्यांनी संध्याकाळची सुई थांबवायला सांगितलं आणि तात्यांसाठी चार कडक शब्द माझ्याजवळ दिले. ते मी त्या दिवशी पोचवले नाहीत.

सुमननं चहा ठेवला. तात्यांच्या कपात तिनं नेहमीसारखी भरपूर साखर घातली. एवढं झाल्यावर माणसाला निदान मनासारखा चहा मिळावा. तात्यांनी कप तोंडाजवळ नेला, मांडीवरच्या भागीकडं बघितलं आणि खाली ठेवला.

"वैनी, बिनसाखरंचा द्या. हिच्याम्होरं न्हाय. मी महिनाभर तसलाच पितुया."

पोतं आमच्याकडं आल्यापासून तात्यांनी चहा सोडला असावा, अशी आमची समजूत होती. सुमननं दुसरा चहा केला. तात्यांनी तो बशीत ओतला, तोंड वाकडं करत प्याले. तळाच्या घोटाशी आल्यावर सवयीनं बशी खाली न्यायला वाकले, मग थांबले. बशी तशीच हातात धरून बसले. भागी झोपी गेली होती.

"वैनी," ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "त्या भिगवनच्या पोरीचा च्या... इतका वाईट नव्हता वो."

सुमननं पातेल्यात उरलेला चहा त्यांच्या बशीत ओतला.