आसेगावचा नमुना

माणसाच्या मनाचा थांग लावता लावता ऋषिमुनींच्या दाढ्या जमिनीला टेकल्या. मी ते काम चार दिवसांत उरकणार होतो, आणि तेही दुपारची झोप न चुकवता! कारण ऋषींजवळ नुसतं तप होतं. माझ्याजवळ पद्धत होती.

साल चौऱ्याहत्तर. निरनिराळ्या देशांत एकच प्रश्नावली घेऊन मनाच्या आरोग्याची एक मोठी पाहणी चालली होती. घोर कुठल्या माणसाला जास्त, झोप कुणाची उडालेली, हे देशादेशांत ताडून बघायचं. आपल्या भागातलं काम नागपूरच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे होतं. मी मूळचा वाशीमचा, म्हणून त्यांनी आसेगाव माझ्या पदरात टाकलं.

"दर सातवं घर घ्या," डॉक्टरांनी बजावलं होतं. "त्या घरातलं कोणतं माणूस, ते हा तक्ता सांगेल. त्याच्याऐवजी दुसरं चालणार नाही. भाऊ नाही, नवरा नाही, प्रत्यक्ष देव ओसरीवर येऊन बसला तरी नाही. काम चोख झालं तर तुम्हाला कायम करू."

कायम! या तीन अक्षरांवर माझं लग्न अडलं होतं. रिसोडचे माझे होणारे सासरे दर भेटीत चहाआधी विचारायचे, "झाले का कायम?" आणि मी नकाराची मान हलवली की चहात साखर कमी पडायची.

तर आसेगावात पोचलो आणि सरपंच मारोतरावांच्या ओसरीवर गाव गोळा केलं. पुढ्यात देवमन बसला होता. हा दर हंगामात बैलगाडीनं रिसोडच्या बाजारात ज्वारी नेणारा माणूस, आणि जीभ अशी की विळ्यानं तिच्याकडून धार लावून घ्यावी.

"साहेब, पागलायची मोजणी हाय म्हणे?"

"वेड्यांची नाही, देवमनभाऊ. सगळ्यांच्या मनाची."

"मंग सगळ्यायले काहून नाही इचारत? सातवंच घर काहून? मधल्या सहा घरायनं काय घोडं मारलं?"

हाच प्रश्न मला हवा होता. मी खाकरलो. "रिसोडला तुमची ज्वारी घेताना व्यापारी काय करतो? अख्खं पोतं उपसतो?"

"नाही बाप्पा. लोखंडाची नळी खुपसते, मूठभर दाने काढते अन् पाह्यते."

"बस्स! गाव म्हणजे पोतं, मी व्यापारी, आणि माझी पाहणी ही नळी. मूठभर माणसांना विचारून मी सगळ्या गावाचं मन सांगणार. मग ही मूठ इतर देशांच्या मुठींशेजारी मांडली जाणार."

ओसरीवरच्या माना एकदम डोलू लागल्या. कणसावर आलेल्या रानात वारा शिरावा तशा. मला वाटलं, ज्ञान उतरतंय.

"म्हंजे आपल्या गावचा माल परदेशात जाईन?" मारोतरावांनी विचारलं.

"जाईल."

"अन् नळी कोठी घुसन, हे आंधीच समजते?" देवमन म्हणाला.

"समजतं ना. आपलं सगळं उघड आहे. आज संध्याकाळीच त्या घरांवर गेरूनं खूण करतो, म्हणजे माणसं घरी राहतील."

देवमननं मारोतरावांकडे पाहिलं. मारोतरावांनी देवमनकडे पाहिलं. दोघांच्या मिशांआड काहीतरी हललं. ज्याच्या आज्यानं आणि बापानंही त्याच बाजारात ज्वारी विकली, त्या माणसाला मी आदल्या दिवशी सांगत होतो, की उद्या नळी पोत्यात नेमकी कुठं शिरणार आहे.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. आमच्या सूचनांत एक कलम होतं: आपल्या चेहऱ्यावरचे भाव उत्तर देणाऱ्याला दिसू देऊ नयेत. मी त्यावर जालीम उपाय काढला होता. मी मान वर करतच नसे. कागद, पेन्सिल आणि समोरून येणारा आवाज, एवढंच माझं जग.

तक्त्यानं पहिल्याच घरी मनकर्णाबाई काढली. समोर एक पदर येऊन बसला.

"झोप लागते का, बाई?"

"लागते म्हंजे? जात्यावर बसल्या बसल्या लागते. दाने संपले तरी हात फिरतच राह्यतो."

"जिवाला घोर?"

"घोर कायचा, भाऊ?"

"कधी एकटं बसून रडावंसं वाटतं?"

"वाटते ना. कांदा चिरतानी."

आणि मला पुढचं पान उलटायला वेळ लागला, तेवढ्यात तिनं ओवी धरली:

*सुखाची माही रास, अंगनात पसरली,*
*दुखाची ती पोटली, उतरंडीत इसरली.*

अहाहा! मी लहानपणापासून ओव्यांचा भुकेला. पेन्सिल थांबली, मन वाऱ्यावरच्या कापसासारखं तरंगू लागलं. दुःख ज्या मडक्यांच्या उतरंडीत विसरलं जातं, त्या घरात मी कसली विचारपूस करतोय! 'दुःख' या रकान्यात शून्य लिहिलं.

पुढच्या खुणेच्या घरी दुर्गाबाई निघाल्या. दुसरा उंबरा, पण झोप जात्यावर, रडणं कांद्यापाशी आणि ओवी तीच. मी भारावलो. लोकगीत म्हणतात ते हेच, घरोघर एक! त्या पुढच्या घरी ग्यानबा होता. तो हसत हसत म्हणाला, "मले दुख म्हंजे काय तेच मालूम नाही, साहेब." आणखी दोन घरचे पुरुषही तसेच हसले, आणि हसता हसता सगळ्यांना एकसारखाच ठसका लागला. गावात तंबाखू एकाच दुकानची येत असावी, असं मी समजलो.

आसेगाव: घोर शून्य, निद्रानाश शून्य, दुःख शून्य. कागद रवाना केले आणि रिसोडला निरोप धाडला, की साखर आणून ठेवा.

महिनाभरानं मोठे डॉक्टर मला जीपमध्ये घालून आसेगावच्या वाटेला लागले.

"इतक्या देशांचे आकडे आले, शून्य कुठंच नाही," ते म्हणाले. "एकतर आसेगावचं पाणी बाटलीत भरून विकलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला."

"कुठलंही घर निवडा, साहेब," मी म्हणालो. माझी छाती तेव्हा जीपच्या टपाला लागत होती.

त्यांनी पहिलंच घर निवडलं. अंगणात एक उंच, वाळकी बाई तूर पाखडत होती. मागोमाग मारोतराव आणि देवमन धापा टाकत आले.

"मनकर्णाबाईंना बोलवा," मी म्हणालो.

"मीच मनकर्णा."

"नाही हो. मनकर्णाबाई हसतमुख आहेत."

"कोन म्हणते?"

"लिहिलंय तसं."

तिनं सूप खाली ठेवलं आणि मला नखशिखांत न्याहाळलं. "म्हंजे खाली मुंडी घालून लिहिनारा तो तूच. मले त्या रोजी गोठ्यात बसवलं अन् माह्या जागी चंपीले. सरपंच म्हणे, तू रडशीन, परदेशात गावचं नाव जाईन."

"चंपी कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"चंपाबाई, साहेब," मारोतराव पुढं झाले. "लय गोड बोलते. पानी टाकून भांडन इझवते. बायायच्या जागी ती बसली, मानसायच्या जागी देवमन. आता पाहा, सोयरीक पाहाले पाहुने आले तं आपन शेजारची सतरंजी आनतो का नाही? तसंच हे."

"सतरंजी ठीक आहे, मारोतराव. तुम्ही नवरीच शेजारची बसवली."

"पन पोत्यात वरतं खडे कोन ठेवते, डॉक्टरसाहेब?" देवमन ठसकला. तोच तो ठसका! "नळी कोठी घुसते हे तुमच्याच मानसानं सांगतलं. आमी चांगला दाना वर ठेवला. यात आमचं काय चुकलं?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण मनकर्णाबाईचा आवाज आधी आला. चढलेला नव्हता. उन्हाळ्यातल्या विहिरीसारखा खोल गेलेला होता.

"माहा गोविंदा पल्टनीत गेला. दोन वर्सं झाली, चिठ्ठी नाही. डोयाले डोया लागत नाही. घरात बोललं तं म्हणते, अभद्र बोलू नको. देवाले सांगतलं तं तो बोलत नाही. अन् एवढ्या दुरून कोनी धाडलं, बाई तुले झोप लागते का, म्हणून इचाराले. माहा नंबर लागला होता. माहा. तोही चंपीले देल्ला."

डॉक्टर होते तसे खाली मातीत बसले.

"मनकर्णाबाई," त्यांनी विचारलं, "तुम्हाला झोप लागते का?"

ती बोलत राहिली. गुरं घरी आली, धुळीनं अंगण सोनेरी झालं, तरी ती बोलत होती आणि डॉक्टर मान डोलवत होते. त्यांनी पल्टनीत पत्र लिहून गोविंदाची चौकशी करायचं कबूल केलं, तेव्हा कुठं तिनं सूप पुन्हा उचललं.

मग ते माझ्याकडे वळले.

"साहेब, माझं कायम होण्याचं..." मी म्हणालो.

"तुम्ही एकाच बाईला निरनिराळ्या घरी भेटलात, आणि ओळखलं नाहीत?"

"भाव दिसू देऊ नयेत, अशी सूचना होती."

"डोळे मिटून घ्यावेत, अशी नव्हती." त्यांनी चष्मा पुसला. "घरं नव्यानं काढू. गेरू नाही, सभा नाही. पहिलं घर आत्ता, माझ्यासमोर. नीट विचारलंत तर कायम. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

चिठ्ठ्या टाकल्या. मारोतरावांच्या टोपीतून डॉक्टरांनी एक उचलली, आणि घर निघालं चंपाबाईचंच! तक्त्यानंही तिच्यावरच बोट ठेवलं.

ती भाकरी थापत होती. मी समोर बसलो, मान वर केली आणि तिला पहिल्यांदा पाहिलं. पन्नाशीची बाई. हसून हसून पडलेल्या सुरकुत्या गालांवर होत्या, पण डोळ्यांपर्यंत त्यातली एकही पोचली नव्हती.

"चंपाबाई, झोप लागते का?"

घरोघर फुलबाजीसारखी उडणारी ती जीभ थांबली. तिनं दारातल्या मारोतरावांकडे पाहिलं, मग देवमनकडे, मग माझ्याकडे.

"खरं सांगू, का गावचं सांगू?"

उत्तर सुचवू नये, असंही एक कलम होतं. ते मी मोडलं. "खरं सांगा."

"मंग या दोघायले बाहीर काढ. डॉक्टर बसू दे." तव्यावरची भाकरी तिनं उलटली. "अन् तू बी जाय."

मी उठलो. दार लागलं. आत माझी नोकरी, माझं लग्न आणि रिसोडची साखर. बाहेर ओट्यावर मारोतराव, मी आणि देवमन, पाऊस संपल्यावर विसरलेल्या छत्र्यांसारखे. देवमननं बिडी पुढं केली. मी ओढत नाही. तेव्हा ओढली.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. चेहरा गंभीर होता.

"तुम्हाला कायम करतो आहे," ते म्हणाले. "बाईंनी शिफारस केली."

माझी छाती पुन्हा जीपच्या टपाकडे निघाली. "प्रश्न विचारण्याची पद्धत आवडली असेल, नाही का?"

"तसं काही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, 'बाहीर जाय म्हटलं अन् निमूट गेला, असा सरकारी मानूस पह्यल्यांदा पाह्यला.'"